दुधाची बाटली आणि दुधाची पिशवी



आज एका अगदी साध्या वस्तूची हकीकत तुम्हांला सांगायची आहे. वस्तू इतकी साधी, की रोज सकाळी ती आपल्या हातांतून जाते आणि दुपारपर्यंत आपण तिला विसरूनही जातो. दूध पातेल्यात ओतून झाल्यावर हातात उरणारी रिकामी पिशवी, ती ही वस्तू.

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, नगरच्या रस्त्याला लागले की वाळूजची औद्योगिक वसाहत लागते, आणि तिला लागूनच बजाजनगर. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली वाळूजला सुरू झाला. मागोमाग लहानमोठे पुष्कळ कारखाने आले आणि त्यांत काम करणाऱ्या माणसांची ही वस्ती उभी राहिली. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून माणसे आली. कुणाच्या घरी गावाकडे चार म्हशी, कुणाकडे दोन गाई. इथे मात्र दोन खोल्यांचे घर आणि पहिल्या पाळीची घाई. पहाटे टेम्पो येतो, दुकानाच्या पायरीवर दुधाच्या पिशव्यांचे क्रेट उतरतात, आणि पाळीला निघायच्या आत घरोघर चहा होतो. ज्या माणसाने लहानपणी गोठ्यातले धारोष्ण दूध प्यायले, तोच आज पिशवीचा कोपरा कापून चहाला दूध घालतो. त्यात वाईट काही नाही. पण कोपरा कापल्यावर त्या पिशवीचे पुढे काय होते, हा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जायला हवे.

शेतकरी बंधूंनो, आपल्या गावचीच रीत आठवा. धार कासंडीत काढायची. शेजारणीला दूध हवे असेल तर ती तांब्या घेऊन येते, मापाने घेते, घरी जाऊन तांब्या घासून पालथा घालते. उद्या तोच तांब्या पुन्हा येतो. रतीब घालणारा गवळी असेल तर त्याची किटली त्याच्याबरोबर परत जाते. या सगळ्या व्यवहारात टाकून द्यायचे असे काही उरतच नाही. दूध पुढे जाते, भांडे मागे येते. ही सोय कुणी ठरवून केलेली नव्हती. दूध काढणारा आणि दूध पिणारा यांच्यामध्ये चार घरांचेच अंतर होते, म्हणून ती आपोआप झालेली होती.

अडचण सुरू होते ती हे अंतर वाढले की. दूध हा फार नाजूक जिन्नस. सकाळी काढलेले दूध तापवले नाही तर उन्हाळ्यात दुपारपर्यंत नासते. मुंबईसारखे शहर वाढू लागले तेव्हा दूध देणारी जनावरे शहरातच दाटीवाटीने तबेल्यांत ठेवली जात. तबेल्यांत चिखल, शेण, माश्या. दुधात पाणी घालायचे, आणि ते पाणीही कुठले याचा पत्ता नाही. मोठ्या हंड्यांतून दूध नेताना ते हिंदकळू नये म्हणून हंड्याच्या तोंडाशी गवताची पेंढी खोचायची. अशा दुधातून रोगजंतू घरोघर पोचत. दूध हे लेकराचे अन्न, आणि तेच लेकराच्या जिवावर उठायचे.

याला उपाय दोन. एक दूध शुद्ध करण्याचा, दुसरा ते शुद्ध राहील असे बंद करण्याचा. पहिल्याची वाट फ्रान्समधल्या लुई पाश्चर यांनी दाखवली. द्रव पदार्थ विशिष्ट उष्णतेपर्यंत तापवला की त्यातले घातक जंतू मरतात, हे त्यांनी १८६० नंतरच्या दशकात सिद्ध केले. दुधाच्या बाबतीत ६३ अंश सेल्सिअसवर अर्धा तास, नाही तर ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवायचे आणि लगेच गार करायचे. यालाच आपण पाश्चरीकरण म्हणतो. पण शुद्ध केलेले दूध पुन्हा उघड्या हंड्यातूनच वाटले तर सगळी मेहनत वाया. म्हणून दुसरा उपाय बंद भांड्याचा. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पॉट्सडॅम गावी हार्वे थॅचर नावाचे गृहस्थ होते. १८८० नंतरच्या दशकात त्यांनी दुधासाठी खास काचेची बाटली पुढे आणली. झाकण घट्ट, आणि काच पारदर्शक. आत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसते. दुधावर साय किती धरली तेही दिसते. बाटली घरोघर रुजली ती या भरवशामुळे.

काच म्हटली की महाराष्ट्रातल्या माणसाला एक गोष्ट आठवली पाहिजे. तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काचेचा कारखाना निघाला, त्याचे नाव पैसा फंड काच कारखाना. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले, आणि जपान व अमेरिकेत काचेचे शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी कारखाना चालवायला घेतला. पुढे १९१६ च्या सुमारास कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील तुमच्यापैकी पुष्कळांच्या आजोबांनी ओसरीवर टांगलेला असेल. शिक्षकबंधूंनी ही हकीकत मुलांना अवश्य सांगावी. एक पैसा तो काय! पण गावोगाव तो जमला आणि त्यातून भट्टी पेटली. हा पैसा जरा लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आता मुंबईच्या दुधाकडे वळू. दुसरे महायुद्ध संपत आले होते. १९४५ साली मुंबई सरकारने शहरासाठी दूध योजना सुरू केली आणि गुजरातेतल्या आणंद भागातून रेल्वेने दूध आणायला आरंभ केला. त्या दुधाचा मक्ता एका खासगी कंपनीकडे होता. भावावरून शेतकऱ्यांचा असंतोष वाढला आणि त्यातूनच डिसेंबर १९४६ मध्ये खेडा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ नोंदला गेला, जो पुढे अमूल या नावाने देशभर गाजला. इकडे मुंबईत दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी एक युक्ती काढली. म्हशीच्या दुधात स्निग्धांश पुष्कळ असतो. त्यात दुधाची स्निग्धांश काढलेली भुकटी आणि पाणी प्रमाणात मिसळले, तर त्याच दुधातून अधिक माणसांना पुरेल असे, स्वस्त पण सकस दूध तयार होते. हेच टोन्ड दूध. १९४६ पासून ते मुंबईत मिळू लागले.

मग १९४९ साली गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली. शहरातल्या कोंदट तबेल्यांतली जनावरे बाहेर काढून सुमारे १,२८७ हेक्टर मोकळ्या, हिरव्या जागेत आणायची, अशी ती कल्पना. जनावरे ज्याची त्याची, गोठे सरकारचे. बत्तीस गोठे आणि सुमारे सोळा हजार जनावरे, असा तो पसारा. मालकाने गोठ्याचे भाडे द्यायचे आणि दूध सरकारला घालायचे. खुरोडी यांना १९६३ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले, ते त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर.

या आरेच्या दुधाची बाटली ज्यांनी पाहिली त्यांना ती विसरता येत नाही. जाड काच, रुंद तोंड, वर चकचकीत ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे टोपण. दुधाचे कार्ड असायचे. पहाटे केंद्रासमोर रांग लागायची. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात काय असे? कार्ड, पैसे आणि रिकामी बाटली. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. घरात बाटली फुटली तर आई मुलावर रागवायची. नुसती काच फुटली म्हणून नव्हे, तर उद्याच्या दुधाचा खोळंबा होणार म्हणून.

परत आलेल्या बाटल्यांचे काय होत असे तेही पहा. डेअरीत बाटली धुण्याचे मोठे यंत्र असते. बाटल्या आधी कोमट पाण्यात, मग कॉस्टिक सोड्याच्या कडक गरम पाण्यात भिजतात, मग आतून-बाहेरून पाण्याच्या फवाऱ्यांनी स्वच्छ होतात. त्यानंतर त्या उजेडासमोरून पुढे सरकतात आणि तिथे बसलेला माणूस तडा गेलेली, डाग राहिलेली बाटली वेगळी काढतो. राहिलेल्या बाटल्या भरतात, टोपणे लागतात, आणि जाळीच्या क्रेटमधून पहाटेच्या गाडीने त्या पुन्हा शहरात. म्हणजे शेजारणीच्या तांब्याचेच काम मुंबईच्या बाटलीने केले. फरक एवढाच, की इथे अंतर मैलोगणती होते आणि ते जोडायला सरकारी खाते, कार्ड, रांग आणि यंत्र, इतका खटाटोप करावा लागला.

मंडळी, आता बाटलीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर मी तुम्हांला अर्धेच सांगितले असे होईल.

पहिली गोष्ट वजनाची. त्या काळच्या अर्ध्या लिटरच्या जाड बाटलीचे वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या घरात जाई. हिशेब करून पहा. अर्ध्या लिटरच्या हजार बाटल्या घेतल्या तर आत दूध असेल पाचशे किलोच्या थोडे वर, आणि नुसती काच जवळजवळ चारशे किलो. म्हणजे गाडी अर्धी दूध वाहते आणि अर्धी काच. परत येताना तर सगळी काचच वाहायची. दुसरी गोष्ट फुटण्याची. गाडीत, केंद्रावर, रांगेत, घरात, सगळीकडे थोडी थोडी फूट. तिसरी गोष्ट पाण्याची आणि इंधनाची. प्रत्येक फेरीला धुणे आले, आणि धुण्याला गरम पाणी आले. काच वितळवायची भट्टीही दीड हजार अंशांच्या आसपास तापवावी लागते. तेव्हा बाटली एकदाच वापरून फेकली तर तिच्याइतकी उधळी वस्तू दुसरी नाही. पुष्कळ फेऱ्या मारल्या तरच ती परवडते. आणखी एक गंमत अशी, की पारदर्शक काचेतून उजेड आत जातो आणि उन्हात ठेवलेल्या दुधातले ब जीवनसत्त्वापैकी रायबोफ्लेविन कमी होते, चवही बिघडते. ज्या पारदर्शकपणाने भरवसा दिला, तोच दुधाला थोडा बाधतो.

काचेच्या मागून आले ते प्लास्टिक. इंग्लंडातल्या नॉर्थविच गावी एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत मार्च १९३३ मध्ये फॉसेट आणि गिब्सन हे दोन शास्त्रज्ञ वायूंवर प्रचंड दाब देऊन काही प्रयोग करीत होते. प्रयोग हवा तसा साधला नाही, पण भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला. तोच पॉलिथीन. महायुद्धात रडारच्या तारांवर वेष्टण घालायला तो उपयोगी पडला. युद्ध संपल्यावर तो बाजारात उतरला, आणि त्याची पातळ चादर करून पिशव्या होऊ लागल्या. कॅनडात १९६७ पासून दूध पातळ प्लास्टिकच्या पिशवीत मिळू लागले.

आपल्या देशात १३ जानेवारी १९७० रोजी दुधाचा महापूर योजना, म्हणजेच ऑपरेशन फ्लड, सुरू झाली. खेड्यातले दूध गोळा करायचे, ते गार करून लांबच्या शहरापर्यंत पोचवायचे आणि पैसा खेड्याकडे वळवायचा, हा तिचा गाभा. एवढे दूध वाटायचे तर बाटल्या किती लागतील, त्या धुवायच्या कुठे, वाहायच्या कशा? पिशवीने ही अडचण दूर केली. पिशवी भरण्याचे यंत्र पाहिलेत तर तुम्हांला नवल वाटेल. वर प्लास्टिकच्या चादरीची मोठी गुंडाळी असते. यंत्र त्या चादरीची नळी करते, उभी शिवण उष्णतेने चिकटवते, खालचे तोंड चिकटवते, मोजून दूध सोडते आणि वरचे तोंड बंद करून पिशवी कापून टाकते. धुण्याचे काम नाही, फुटायची भीती नाही. मघाशी हजार बाटल्यांची काच चारशे किलो भरली. हजार पिशव्यांचे प्लास्टिक भरते तीन किलो.

या तीन किलोंनी काय केले, ते कमी लेखू नका. लहान गावातल्या डेअरीलाही दूध भरून विकणे शक्य झाले. संभाजीनगरात जालना रस्त्यावरचा एक चौक आजही दूध डेअरीच्या नावानेच ओळखला जातो. पुढे जिल्ह्याच्या सहकारी दूध संघाचे दूध 'देवगिरी महानंद' या नावाने घरोघर जाऊ लागले. चार-पाच लिटर दूध घालणाऱ्या शेतकरणीचे दूध गावच्या संस्थेतून शहरात पोचू लागले आणि तिच्या हाती नेमाने पैसा येऊ लागला. बजाजनगरसारखी वस्ती तर वसली तीच पिशवीच्या काळात. कार्ड नाही, रांग नाही, रिकामे भांडे न्यायचे लक्षात ठेवायला नको. कामगाराने पाळीवरून येताना दुकानातून पिशवी उचलावी आणि घरी जावे. मुंबईच्या चाळीला जे दूध कार्डावर मिळत होते, ते इथे कुणालाही मागेल तेव्हा मिळू लागले. हा मोठाच लाभ आहे.

पण श्रोतेहो, या सोयीत एक गोष्ट आपल्या हातून निसटली, आणि निसटली तेव्हा आपल्याला कळलेही नाही. ती म्हणजे भांड्याची परतीची वाट. तांब्या परत येत होता, किटली परत येत होती, बाटलीही परत येत होती. पिशवी पहिल्यांदाच अशी निघाली की जी गेली ती गेलीच. इतकी हलकी, इतकी स्वस्त, की तिला परत बोलवावे असे कुणाला वाटेना. जे गुण तिने आणले, त्यांच्यातच हा दोष दडलेला होता.

मग ती जाते कुठे? काही पिशव्या कचऱ्यात, काही गटारीत. पावसाळ्यात गटारी तुंबतात तेव्हा तळाशी काय निघते ते सफाई कामगाराला विचारा. काही उकिरड्यावर जातात. तिथे गाय येते. पिशवीला दुधाचा वास असतो, आत उष्टे अन्न बांधून टाकलेले असते. गाय ते सोडवून खात नाही, पिशवीसकट गिळते. प्लास्टिक पचत नाही. ते तिच्या पोटात साठत जाते, त्याचा गोळा होतो, आणि जनावर खाणे सोडून खंगत जाते. गुरांच्या डॉक्टरांनी पोट उघडून किलोगणती प्लास्टिक काढल्याचे प्रकार आपल्याकडे घडलेले आहेत. जे दूध गाई-म्हशींनी दिले, त्याच दुधाचे वेष्टण पुन्हा त्यांच्याच पोटात जावे, याला काय म्हणावे?

सरकारनेही याचा विचार केला. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. हातात धरायच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या वगैरे बंद झाल्या. दुधाच्या पिशवीला मात्र सूट मिळाली, कारण ती एकदम बंद केली तर शेतकऱ्याचे दूध घरीच राहील. पण सूट देताना अट घातली. पिशवीची जाडी ५० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षा, कमी नसावी. आणि तिच्यावर परतीची किंमत छापावी, ती निदान ५० पैसे असावी. रिकामी पिशवी दुकानात परत दिली की ५० पैसे परत. पुढे जून २०१९ मध्ये विधानसभेत पर्यावरणमंत्र्यांनी सांगितले, की राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या कचऱ्यात जातात आणि त्यांचे वजन ३१ टन होते.

शिक्षकबंधूंनो, हे गणित फळ्यावर मांडण्यासारखे आहे. ३१ टनांना एक कोटीने भागा. एका पिशवीचे वजन आले सुमारे तीन ग्रॅम. म्हणजे एक किलो व्हायला सव्वातीनशेच्या आसपास पिशव्या लागतात. ज्या घरी रोज एक पिशवी येते, त्या घरात किलोभर प्लास्टिक जमायला जवळजवळ वर्ष जाते. आता भंगारवाला किलोला जे देईल, तेवढ्यासाठी वर्षभर पिशव्या धुऊन, वाळवून, जपून ठेवायचे कुणाला सुचेल? तरीही काही गृहिणी ते करतात. त्यांचे खरोखर कौतुक केले पाहिजे. पण सगळ्यांकडून कौतुकावर काम होत नाही. सव्वातीनशे पिशव्यांना प्रत्येकी ५० पैसे धरा. एकशे बासष्ट रुपये झाले. भंगारात एवढा भाव मिळत नाही. म्हणजे कायद्याने ठरवलेल्या त्या अर्ध्या रुपयात पिशवीला परत बोलावण्याची ताकद होती.

'होती' असे म्हणालो, कारण ही व्यवस्था घरोघर रुजलेली दिसत नाही. दूध संघांचे म्हणणे असे, की एवढ्या पिशव्या मोजायच्या कुणी, साठवायच्या कुठे, त्यांना दुर्गंधी येते तिचे काय? दुकानदार म्हणतो, मला यात मिळते काय? आपण म्हणतो, पन्नास पैशांसाठी कोण उन्हात जाईल? तिघांचेही म्हणणे अगदी खोटे नाही. पण आरेच्या बाटलीच्या काळातही हे सगळे प्रश्न होतेच की! बाटली मोजावी लागे, साठवावी लागे, तिलाही वास येई, आणि तीही हातात धरून नेण्याचा त्रासच होता. तरी ती परत येत होती. का? कारण रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळत नव्हती. तो नेम होता. आणि परत आलेल्या बाटलीची वाट पाहणारे एक धुण्याचे यंत्र दुसऱ्या टोकाला उभे होते. दोन्ही टोके पक्की होती, म्हणून मधला माणूस आपसूक वागत होता.

मग तुम्ही विचाराल, पुन्हा काचेची बाटलीच आणावी का? काही शहरांत काही दूधवाले काचेच्या बाटलीत दूध देऊही लागले आहेत. जिथे गोठा जवळ आहे, गिऱ्हाईक ठरलेले आहे, आणि दूध देणाराच दुसऱ्या दिवशी रिकामी बाटली उचलतो, तिथे बाटली उत्तम. पण मराठवाड्याचा विचार करा. संभाजीनगर शहराला आणि वाळूजच्या कारखान्यांना पाणी येते ते पैठणच्या जायकवाडीहून. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. अशा प्रदेशात लाखो बाटल्या रोज गरम पाण्याने धुवायच्या म्हटल्या तर आधी पाण्याचा विचार करावा लागेल. म्हणून काच चांगली आणि प्लास्टिक वाईट, असा सरळ निवाडा मला देता येत नाही. एक वाटही न चुकता घरी परतणारी काच आणि जिथे पडली तिथेच राहणारी काच, यांत जेवढा फरक आहे, तेवढाच गोळा होऊन कारखान्यात पुन्हा वितळणारी पिशवी आणि गाईच्या पोटात जाणारी पिशवी यांत आहे. दुधाच्या पिशवीचे प्लास्टिक एकाच जातीचे आणि बऱ्यापैकी जाड असते. ते स्वच्छ मिळाले तर वितळवून त्याच्या नळ्या, ताडपत्र्या, टोपल्या अशा वस्तू करता येतात. अडते ते फक्त परत आणण्यापाशी.

तिसरीही एक वाट आहे. दिल्लीत १९७४ साली मदर डेअरी निघाली तेव्हा तिने सुट्या दुधाची यंत्रे बसवली. टोकन टाकायचे, आपले भांडे धरायचे, थंड शुद्ध दूध मोजून मिळायचे. ना बाटली, ना पिशवी. शेजारणीचा तांब्याच जणू नवे रूप घेऊन आला. दाट वस्तीच्या ठिकाणी, एखाद्या सहकारी संस्थेने मनावर घेतले तर, ही वाट आजही मोकळी आहे.

आता तुम्ही-आम्ही काय करावे, ते सांगून संपवतो.

पहिले म्हणजे पिशवीचा कोपरा कापताना तो पूर्ण तोडू नका. थोडा चिकटलेला राहू द्या. तो नखाएवढा तुकडा सुटा झाला की कुणालाही वेचता येत नाही, आणि तो मातीत, नाल्यात जाऊन बसतो. दुसरे, पिशवीत एक घोटभर पाणी घालून ती विसळा आणि ते पाणीही दुधाच्या पातेल्यात टाका. दूधही वाया जात नाही आणि पिशवीला वासही राहत नाही. आपल्या आया हे करीत असत ते काटकसरीने. आपण तेच पुढच्या उपयोगासाठी करू. तिसरे, उष्टे-खरकटे पिशवीत बांधून उकिरड्यावर टाकू नका. एवढे एक पाळले तरी कितीतरी गुरे वाचतील. चौथे, दुकानात पिशवी परत घेतात का, असे विचारा. एकाने विचारले तर दुकानदार हसेल. चाळीस जणांनी विचारले तर तो दूध संघाच्या गाडीवाल्याला विचारेल.

शिक्षकांनी एक प्रयोग करून पहावा. वर्गात चाळीस मुले असतील आणि प्रत्येकाने रोज घरची एक विसळलेली पिशवी आणली, तर तीस दिवसांत बाराशे पिशव्या होतात. ताजव्यात घाला, पावणेचार किलोच्या आसपास भरतील. त्या विकून जे येतील त्यातून शाळेला खडू येतील, नाही तर एखादे रोप. रक्कम मोठी असणार नाही. पण तीन ग्रॅमची वस्तू चाळीस हातांनी गोळा केली की तिला वजन येते, हे मुलाला ताजव्यात दिसेल.

मघाशी पैसा फंडाचा पैसा लक्षात ठेवा असे म्हणालो होतो. एका पैशात एकट्या माणसाचे काही होत नव्हते. पण तो मागायला कुणीतरी दारोदार गेले, आणि तो जमा करायला एक ठिकाण होते, म्हणून तळेगावात भट्टी पेटली. आज पिशवीच्या पन्नास पैशांना तेवढ्याच दोन गोष्टी हव्या आहेत. कुणीतरी मागणारा, आणि जमा करायला एक ठिकाण. मागणारा आपल्यापैकी कुणीही होऊ शकतो. ठिकाण गावच्या दूध संस्थेच्या ओट्यावरही होऊ शकते, कारण दूध घालायला रोज सकाळ-संध्याकाळ सगळे गाव तिथे येतेच.

उद्या सकाळी दूध पातेल्यात ओताल तेव्हा ही हकीकत एकदा आठवा. कोपरा कापून टाकू नका, पिशवी विसळून खुंटीला वाळत घाला.